रिकामी केलेली मोटार

लढाईच्या दिवसांत आटपाडीहून सांगलीला जाणारी मोटार कोळशावर चालायची. माणसांपेक्षा शेंगांची पोतीच फार, म्हणून मालकानं खालच्या स्प्रिंगांना जादा पाटे ठोकून त्या कडक करून घेतल्या होत्या. सातव्या महिन्यातच मला कळा सुरू झाल्या, तशी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती मोटार आडवं होऊन थांबवली.

"उतरा रं समदी! माज्या सुनंला निवांत पडू द्या!"

माणसं तरी किती गुणाची! एकानंही तोंड वाकडं केलं नाही. पोतीसुद्धा खाली काढली. माझ्याखाली घोंगड्या अंथरल्या आणि मोटार निघाली. अगं आई गं! चाळणीतल्या दाण्यासारखी माझी गत झाली. खड्डा आला की वर उडायची नि दाणकन खाली. माझं डोकं मांडीवर धरून मामंजी ड्रायव्हरला "दमानं रं गड्या, दमानं" म्हणत होते. सांगलीची डॉक्टरीण म्हणाली, हादऱ्यांनी पोटातली वार आधीच सुटली. मुलगी होती. नाकीडोळी नीटस. मला धड पदराखालीही घेता आली नाही.

लढाई संपली नि हे घरी आले. पलटणीत मोटारी दुरुस्त करायचे. एकदा जेवताना सहज बोलून गेले, "कडक स्प्रिंगची गाडी रिकामी असली की लय उडती. वजन पडलं की तीच गाडी सावकाश डुलत जाती. आमी रिकाम्या ट्रकात वाळूची पोती टाकायचो." मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि घास हातातच राहिला.

"मामंजींना सांगाल तर माझी शपथ हाय," मी म्हणाले.

सांगणार तरी कोणत्या तोंडानं? म्हातारा अजून पारावर बसून म्हणायचा, "आख्खी मोटार रिकामी केली मी, पर देवाच्या मनात नव्हतं."

दुसऱ्या बाळंतपणाला पुन्हा तीच मोटार. मामंजी काठी टेकत पुढं झाले, "उतरा रं समदी!" मी त्यांचा हात धरला. "नको मामंजी, बसू द्या सगळ्यांना. मला एकटीला भ्या वाटतं."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. "माजं काईच नगं व्हय गं तुला?"

मोटार खच्चून भरली, मागं पोती रचली. खड्डे तेच, पण मोटार पाळण्यासारखी हलत चालली. तो पाळणा मला सोसेना. पहिलीच्या आठवणीनं मी सांगलीपर्यंत रडत होते, आणि मामंजी सारखे वाकून विचारत होते, "लय आदळतंय का गं पोरी?"