आईला सांगायचा निरोप

आमची पलटण तेव्हा पूर्वेकडच्या सीमेवर होती. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. मी हवालदार, बटालियन हेडक्वार्टरमध्ये वायरलेस सेटवर. माझा धाकटा भाऊ संजय लान्स नाईक, वर चार्ली कंपनीत. सख्ख्या भावांना एका कंपनीत ठेवायचं नाही, हा पलटणीचा जुना रिवाज. एका आईची दोन मुलं एकाच गस्तीवर जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू.

संजयला घरी बाबल्या म्हणत. आम्ही तिघे भाऊ. घर मूळचं कणकवलीकडचं, भातशेतीचं. वडील लालबागला गिरणीत लागले तरी लावणीला रजा टाकून गावी जायचे आणि आम्हालाही चिखलात उतरवायचे. गिरणी बंद पडली, पाठोपाठ वडील गेले. थोरल्या अरविंददादाने शाळा सोडून परळच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ धरली. आम्हा दोघांना भरतीसाठी पहाटे पळायला तोच नेत असे. मी त्याला वडिलांच्या जागी मानायचो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं का लागलं ते कळेल.

गणपतीला दोन दिवस होते. वर पाऊस थांबत नव्हता. दुपारी सेट बोलला. 'टायगर' म्हणजे आमचं हेडक्वार्टर.

"हॅलो टायगर फॉर चार्ली. नाल्यावरचा पूल गेला. एक जवान पाण्यात. ओव्हर."

"टायगर. जवानाचं नाव सांगा. ओव्हर."

नुसती खरखर. तिकडचा ऑपरेटर माझ्याच बॅचचा होता.

"टायगर, अ‍ॅडजुटंट साब को सेट पर बुलाओ. ओव्हर."

त्याने मला नाव सांगितलं नाही, त्यावरूनच कळलं. मी साहेबांना बोलावून आणलं, हेडसेट त्यांच्या हातात दिला आणि बाजूला उभा राहिलो.

दुसऱ्या सकाळी बाबल्या खाली दगडांत सापडला. मागचा जवान घसरला होता, त्याला धरायला बाबल्या वळला आणि पूल सुटला. मागचा वाचला. दरड कोसळून रस्ता बंद, ढगांमुळे हेलिकॉप्टर नाही. त्याला घरी न्यायला किती दिवस लागतील, कुणालाच सांगता येईना.

मी दादाला फोन केला.

"दादा, बाबल्या गेला."

तो रडला. मीही रडलो.

"आईला तू सांग," मी म्हणालो. "समोर बसून सांग. फोनवर नको."

"सांगतो," दादा म्हणाला. "तू काळजी करू नको."

आईकडे फोन नव्हता, म्हणून कंपनी कमांडर साहेबही दादाशीच बोलले. त्यांनाही तो म्हणाला, आईला मी सांगतो. ज्याने मला लहानाचं मोठं केलं, त्याच्या 'सांगतो'वर शंका घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. पाण्यात गेलेल्या जवानाची बातमी होत नाही, त्यामुळे लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या कुणाकडून कळायला मार्ग नव्हता. बाबल्याला फील्ड हॉस्पिटलच्या शेडमध्ये ठेवलं होतं; पुढचे दिवस मी त्या शेडबाहेर बसून काढले. तिकडे आई रडत असेल, शेजारच्या बाया तिला धरून बसल्या असतील, असं मी धरून चाललो होतो.

गौरीपूजनाच्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. आई होती. शेजारच्या सावंतकाकांच्या फोनवरून बोलत होती.

"रवी, बाबल्याक फोन दी रे. तेचो फोन कित्याक बंद? सणाचो येक शब्द बोलाक नको?"

तिच्यामागे झांजा वाजत होत्या. आमच्याच खोलीत आरती चालली होती. सुतक असतं तर घरात गणपती बसला नसता. म्हणजे दादाने निरोप पोचवला नव्हता. मूर्ती आणली, पूजा केली, गावच्या पाहुण्यांना जेवू घातलं, आणि सगळं माहीत असताना हे केलं.

मी खोटं बोलू शकलो असतो. ड्युटीवर आहे म्हटलं असतं तर आईने ऐकलं असतं. पण ती त्याची आई होती, आणि तो गेल्याचं तिच्या दोन्ही मुलांना माहीत होतं, फक्त तिला नव्हतं.

"आये, खाली बस."

"बसलंय. काय झाला?"

"बाबल्या राहिला नाही. नाल्याला पाणी आलं, त्यात गेला."

झांजा वाजतच होत्या.

"कधी?"

"गणपतीच्या आधी."

"दादाक म्हायत हा?"

"हो."

फोन बंद झाला. पुढचं सावंतकाकांनी सांगितलं. आई खोलीत गेली आणि म्हणाली, "आरती थांबवा." मग काकांकडे वळून म्हणाली, "तुम्ही उचला. आमकां शिवूक नाय." दुसऱ्या कुळाच्या माणसाने आमचा गणपती उचलून विसर्जनाला नेला. दादा दाराशी उभा होता. त्याला कुणी हात लावू दिला नाही.

ढग हटले तसा मी बाबल्याला घेऊन मुंबईला आलो. विमानतळावर दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दोन दिवस थांबला असतास. बाबांनी एक वर्ष गणपती चुकवला नव्हता रे. आणि आईला तेवढेच सुखाचे दिवस मिळाले असते."

"ते सुख तिचं नव्हतं," मी म्हणालो. "तू फसवून दिलेलं होतं."

त्यानंतर आम्ही तिरडीपुरते एकत्र चाललो. भोईवाड्याच्या स्मशानात बिगुल वाजला, सलामी झाली. अग्नी दादाने दिला, कारण तो थोरला. मला ते बघवलं नाही.

आता मी रिटायर आहे. आई माझ्याकडे शिवडीला असते. लोक म्हणतात, दादाचा हेतू वाईट नव्हता. असेलही. मला तो विश्वासघात वाटला, अजून वाटतो. बाबल्याचं नाव पलटणीच्या युद्धस्मारकावर नाही, तो लढाईत गेला नाही म्हणून. पण ज्या जवानाला त्याने धरलं, तो दरवर्षी आईला भेटायला येतो आणि तिच्या पायाशी बसतो.

गेल्या खेपेला त्यानेच आईला विचारलं, थोरल्या भाऊंना माफ करणार नाही का. आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली,

"गौरी येतल्या दिवशी मी गाणी म्हणत होतंय. माझो झील बाबल्या शेडीत थंडगार पडलेलो आणि मी फुगडीची गाणी म्हणत होतंय. दादा थंयच हुबो होतो. सगळा म्हायत होता तेका. तरी माका म्हणूक दिल्यान."