डाव्या डोळ्यावरची नागीण

आमच्या घरात सगळेच त्यांना 'सर' म्हणतात. पोरी म्हणतात, पोरींचे बाप म्हणतात, सासूबाईसुद्धा आपल्या पोटच्या लेकाला सरच म्हणतात. मग मी तरी काय वेगळं म्हणणार? लातुरात जीवशास्त्राचे क्लास घेणाऱ्याच्या बायकोला नवरा नसतो, सर असतात.

वरच्या मजल्यावर नीट परीक्षेच्या पोरी राहायच्या. उदगीर, देवणी, देगलूर, कुठून कुठून आलेल्या, सरांच्या भरवशावर ठेवलेल्या. त्यांचा स्वयंपाक माझ्याकडं. परीक्षा तोंडावर आली आणि माझं डावं कपाळ पेटलं. आधी नुसती आग, मग केसांपासून पापणीपर्यंत पाण्यानं भरलेले फोड. डोळा सुजून बंद झाला.

सासूबाई म्हणाल्या, नागीण हाय. तोंडाला शेपूट मिळू द्यायचं न्हाई, वेढा पुरा झाला की माणूस जातं. त्यांनी गेरू उगाळून लावला. त्यांचा मला राग नाही. त्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, त्यांना जे येत होतं ते मायेनं करत होत्या.

सरांनी मात्र एका नजरेत ओळखलं. ओळखणारच की, वर्षानुवर्षं फळ्यावर हेच शिकवतात. उशाशी बसून त्यांनी मलाही शिकवलं. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो, तेव्हा मला कांजिण्या आल्या होत्या. आईनं दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचला, घरात फोडणी बंद केली आणि खपल्या पडल्यावर दहीभाताचा निवद दाखवून देवीची बोळवण केली. सर म्हणाले, देवी गेलीच नव्हती. तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसला होता, अंगातली ताकद कमी पडली तसा बाहेर आला. काही विषाणू म्हणे लाखो वर्षांपूर्वी माणसाच्या डीएनएतच घुसले आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण ते वाहून राहिलो. हा त्यातला नाही, हा नुसता लपतो. हा फरक पोरं परीक्षेत हमखास चुकतात, असंही म्हणाले. इकडं माझा डोळा ठणकून राहिला होता आणि मी फरक ऐकत होते.

मग औषध काय, मी विचारलं. औषध आहे म्हणाले, पण फोड आल्या आल्या सुरू करावं लागतं. एवढं बोलून उठले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दार का लावलं ते मला कळलं. लातुरातल्या कुठल्या डॉक्टरचं पोरगं सरांकडं नव्हतं? दवाखान्यात गेलं की गावभर होणार. माझ्या फोडांमुळं वरच्या एखाद्या पोरीला कांजिण्या झाल्या तर तिची परीक्षा बुडाली, आणि नुसती कुणकुण लागली तरी बाप सामान उचलून शेजारच्या क्लासला जाणार.

"परीक्षा होऊ दे," सर म्हणाले. "तोवर लावून घे तो गेरू. त्यानं काही बिघडत नाही."

काही बिघडत नाही! वर्गात गेरूला अडाणीपणा म्हणून पोरांना हसवणारा माणूस हा. पोरींना सांगितलं, काकूंचं डोकं दुखतंय. स्वयंपाकाला बाई लावली. मी मागच्या खोलीत पडून राहिले आणि वर सरांची उजळणी चालू राहिली. माझ्यापेक्षा त्या पोरींचे मार्क मोठे, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही एवढंच.

परीक्षा झाली तशी मला नांदेडला नेलं. तिथं ओळखीचं कुणी भेटायची भीती नव्हती. डॉक्टरांनी पापणी उचलून यंत्रातून बघितलं. बुबुळावर फूल पडलंय म्हणाले, या डोळ्यानं आता फारसं दिसायचं नाही, वेळेवर आणलं असतं तर वाचला असता. मग त्यांनी विचारलं, एवढा उशीर का केला? मी तोंड उघडलं, तेवढ्यात सर बोलले.

"बायकांचं काय सांगावं डॉक्टर, गेरू लावत बसल्या. लई समजावलं मी, ऐकलंच नाही."

अडाणी बाईकडं बघून हलवतात तशी डॉक्टरांनी मान हलवली. मी बी.ए. आहे. तळपायाची आग मस्तकात गेली, पण परक्या गावात, परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं, हे आईनं देवीच्या निवदाबरोबरच शिकवलेलं. परत निघालो. सरांनी वाटेत चहा पाजला.

निकालाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. हार, फोटो, पोरींचे बाप सरांच्या पाया पडून राहिलेले. सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन आत आले. कांजिण्यांचा विषाणू शरीरात कुठं लपतो, हाच प्रश्न आला होता म्हणे, आणि आपल्या एकाही पोरीचा चुकला नाही. फार दिवसांनी इतके खुशीत होते. त्यांनी पेढा माझ्या तोंडाशी धरला, डाव्या बाजूनं. मला तो दिसलाच नाही. गालाला लागून खाली पडला.

"अगं," सर म्हणाले, "लक्ष कुठंय तुझं?"