ताटातले दोन आकडे

बोईसरच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे खाण्याच्या प्रत्येक पदार्थाला दोन आकडे मिळतात. एक पोषणाचा: प्रथिनं किती, लोह किती. दुसरा भाराचा: तो ताटात येईपर्यंत पाणी किती लागलं, डिझेल किती जळलं, हवेत काय काय गेलं. काम मला आवडतं, पण संध्याकाळी ते डोक्यातून उतरत नाही, ही पंचाईत. कुकरची शिट्टी झाली की मला भातखाचरातून निघणारा मिथेन आठवतो. आमच्या ह्यांनी एकदा वैतागून विचारलं, "आता जेवू, की रिपोर्ट यायचाय अजून?"

त्यातच चौथीतल्या लेकीचं हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, नीट खाऊ घाला. मी हात धुऊन तिच्या ताटामागे लागले. अंडी, कलेजी, नाचणी. वाढताना दोन्ही आकडे मोठ्याने सांगायचे. तेवढंच पोरीला चार गोष्टी कळतील, असा माझा हिशेब.

चिंचणीहून दारावर येणारी मासेवाली म्हणाली, "ताई, पोरीला जवला दे. रगत भरंल, बग." जवला, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, तर दोन्हीकडे पास! वाळतोही उन्हात, फुकट. मी खूश होऊन कांद्यावर परतला, भाकरी थापली. लेक अर्ध्यावरून उठली.

रोज तेच. लाडीगोडी झाली, रागावून झालं. दुसऱ्या तपासणीत रक्त आणखी उतरलं. ऑफिसात बसवेना, घरी उभं राहवेना. ती जेवत असली की मी ओट्यापासून टेबलापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालायची.

त्या दिवशी ओरडलेच, "कलेजी का टाकलीस?"

"तिचा भार सगळ्यात जास्त. तूच म्हणालीस."

"आणि जवला? त्याचा तर कमी आहे ना?"

"थोडा आहेच की. मी कमी खाल्लं की तोपण कमी होतो."

मला रडूच आलं. इतके दिवस मी आकडे सांगत होते आणि ही गुपचूप वजाबाकी करत होती. मी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि चक्क थाप मारली, "अगं वेडे, लहान मुलांचं त्यात धरतच नाहीत."

तिचा चेहरा खुलला. भाकरीचा मोठा तुकडा मोडून तिने तोंडाशी नेला, आणि मध्येच थांबली.

"कितवीपर्यंत?"