बोंबील आणि पडद्यावरची रेघ

भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास आला की मला पाचूबंदरची माझी आत्या आठवते, आणि दवाखान्यातल्या पडद्यावरची ती रेघ. जन्मभर मासळी विकलेल्या आत्याचं पोट काही केल्या साफ होईना, म्हणून मोठ्या आतड्याची हालचाल मोजायला तिच्या आत बारीक नळी सोडली होती. आतला दाब पडद्यावर रेघ होऊन दिसायचा. "जेवल्यावर ही रेघ उठायला हवी," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर ऑपरेशनचा विचार करावा लागेल." जेवण म्हणून सँडविच आलं. आत्याने एक घास घेतला आणि बशी बाजूला सारली. "याला जेवन म्हनतात?" रेघ आडवीच. डॉक्टर हसून म्हणाले, "मग आवडेल ते खा आजी, पण पोटभर." तिने लगेच मला पिशवीतला डबा काढायला लावला. तांदळाची भाकरी आणि भाजलेले बोंबील! नर्सने मास्क नाकावर ओढला. आत्या कुशीवर पडून मन लावून जेवली, आणि थोड्या वेळाने रेघ उसळली, मग पुन्हा उसळली. "बघ," आत्या मला म्हणाली, "आतड्याला बी चव कळते." आता आचोळ्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये बोंबील भाजले की शेजारी धडाधड खिडक्या लावून घेतात, आणि माझ्या पोटात रेघ उसळते.