चौकशीवाल्याला दिलेला शिरा

मी सरकारशी खोटं बोललेली बाई आहे. एकदाच बोलले, पण अशा ठसक्यात बोलले की त्यापायी सगळ्या गिरणीची पगारवाढ अडून बसली. आता सांगून टाकते, कारण नातवंडं मला फार सत्यवादी समजायला लागली आहेत. आणि दुसरं म्हणजे अजूनही कुणी माझ्यासमोर "पगार तर वाढतातच की, मग रडता कशाला" असं म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

तेव्हा ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं होतं. सरकार हिवाळ्यात आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला. ऊन तापायला लागलं की फायली, टेबलं, बाबू सगळं लादून निघायचं, आणि ज्याचं काम राहिलं त्यानं थंडी येईपर्यंत बसावं वाट बघत. माझे सासरे संस्थानच्या रिसाल्यातले. फौज मोडली तेव्हा त्यांना घरी बसवलं, पेन्शन म्हणजे निव्वळ नावाला. आमचे हे हजिऱ्याकडच्या कापडगिरणीत मागावर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, मुलं दोन. किला गेटपाशी दोन खोल्या आणि पुढे ओटा, एवढं घर. त्या ओट्यावर मामंजी सकाळपासून फेटा बांधून बसलेले असायचे, जणू आत्ता कुणी बोलवायला येणार आहे.

पगार वाढला नव्हता असं नाही. दोनदा वाढला. पण वाढीची बातमी आमच्या आधी किराणेवाल्याला लागायची. हे येऊन सांगायचे की मंजूर झालं, आणि संध्याकाळी मी दुकानात गेले की डाळ चढलेली. वाढ हातात पडायला अजून महिना. तो महिना जुन्या पगारात नव्या भावानं काढायचा. एकदा मी दुकानदाराला विचारलंच, बाबा रे, तनखा यांची वाढली की तुझी? तो हसला. मला नाही आलं हसू.

गहू आधी संध्याकाळचा सुटला, मग सकाळचाही. आमच्या भागात बेझर मिळतं, जव आणि चणे एकत्र दळलेलं पीठ. स्वस्त असतं, पण घशाखाली उतरायला घोटभर पाणी मागतं. यांच्या डब्यात बेझराच्या रोट्या, मुलांना त्याच, मला उरेल ती. मामंजींना मात्र रोज गव्हाची पोळी. त्यांना मी सगळ्यांच्या आधी बाहेरच्या खोलीत वाढायची, आणि स्वयंपाकघरात डोकवायची त्यांची रीत नव्हती, त्यामुळे आत काय शिजतंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. तो लागू नये म्हणून मीच जपायची. म्हटलं, या माणसाची फौज गेली, घोडा गेला, निदान पोळी तरी राहू दे.

मग गिरणीच्या कामगारांनी महागाई भत्ता मागितला. मालकाचं म्हणणं, दोनदा वाढवलंय, तेवढं पुरेसं आहे. सरकारनं चौकशी लावली. कामगारांच्या घरोघरी माणूस जाणार, बायकांना विचारणार की काय खाता, काय लागतं, आणि त्यावरून ठरणार की पगार पुरतो की नाही. कामगारांच्या बाजूनं बोलायला जे चारजण निवडले त्यात आमचे हे होते.

बाबू येणार हा निरोप गल्लीत आदल्या दिवशीच आला. तयारीला वेळ मिळाला, तिथंच घात झाला. यांनी कामावर निघताना सांगितलं, जे आहे ते सांग. मामंजींनी ओट्यावरून बजावलं, परका माणूस दाराशी येतोय, घरचं रडगाणं गायचं नाही. मी कुणाचं ऐकलं ते दिसतंच आहे. पण सगळं मामंजींवर ढकलणं बरं नव्हे. मलाच लाज वाटत होती. शेजारी पंडिताइन राहायची, तिचा नवराही त्याच गिरणीत. तिच्याकडून मी रवा, साखर आणि वाटीभर तूप मागून आणलं. ती गालात हसत म्हणाली, "घी मेरा और रईस तुम." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि शिरा परतायला घेतला.

बाबू तरुण होता, बगलेत कागदांचं भेंडोळं. शिऱ्याची वाटी हातात पडल्यावर त्याचं तोंड उजळलं. खात खात तो विचारत गेला आणि मी सांगत गेले. आटा? गव्हाचा, दुसरा आमच्यात चालत नाही. दूध? शेरभर, लेकरांना लागतं ना. तूप? त्याशिवाय मामंजी ताटावर बसत नाहीत. रविवारी मटण. आणि उधारी? मी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्यानं मुकाट्यानं पुढचा प्रश्न घेतला. खरं सांगू का, मला मजा यायला लागली होती. मी सांगत होते ते घर मला दिसत होतं, त्यात मीच हातभर बांगड्या घालून वावरत होते. बोलता बोलता मलाच भूक लागली. ओट्यावर मामंजी खाकरले, म्हणजे त्यांना पसंत पडलं होतं.

आमच्या गल्लीतल्या सगळ्याच दक्षिणी, म्हणजे आम्हा मराठी घरांनी हाच उद्योग केला. कुणी बदामाचं नाव घेतलं, कुणी मुलीला पैंजण केल्याचं सांगितलं. एकट्या पंडिताइननं सरळ सांगितलं, बेझर खाते, दुकानाची उधारी आहे, दूध बघितलं नाही. तिला मेलीला लाजच नाही, असं आम्ही नळावर एकमेकींना म्हणालो.

महिन्याभरानं कंपू भागातल्या एका जुन्या कोठीत, संस्थानी बंगल्यात, सुनावणी लागली. हे साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, या पगारात घर चालत नाही. तेव्हा गिरणीच्या वकिलानं कागद काढला, यांच्या बापाचं नाव, किला गेटचा पत्ता वाचून खात्री करून घेतली, आणि मग आमच्याच घरची सगळी यादी वाचली. गहू, दूध, तूप, मटण. खाली बाबूनं आपल्या हातानं लिहिलं होतं की पाहुण्याला साजूक तुपातला शिरा दिला. वकील नुसता एवढंच म्हणाला की साक्षीदाराला खोटं बोलायचं असेल तर आधी घरात विचारून यावं. लोक हसले. आपलेही हसले, आणि परत येताना यांच्यासोबत कुणी चाललं नाही.

घरी येऊन हे चुलीपाशी बसले. शर्टही काढला नाही.

"तू त्याला शिरा दिलास?"

मी मान हलवली. मग त्यांनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. त्यांनी मला दोन थपडा मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. माझ्या एका वाटीभर मिजाशीपायी पंडिताइनच्या घरचीही वाढ जाणार होती, जिनं तूप दिलं तिच्या. कचेरी आठवड्याभरात इंदूरला निघणार होती, सुनावणीचा एकच दिवस उरला होता, परवाचा. मी म्हटलं, मी येते आणि सांगते. हे म्हणाले की आधी बाहेर ओट्यावर सांग, मग कचेरीत सांग.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी जेवायला बसले. मी त्यांच्या ताटात बेझराची रोटी वाढली, बाजूला वाटलेली मिरची आणि मीठ.

त्यांनी ताटाकडे बघितलं. "हे कुणाचं?"

"आपल्या घरचं. दीड वर्ष झालं, आम्ही हेच खातोय. गहू तेवढा तुमच्यापुरता येतो."

मग मी उद्याचंही सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. या घरची सून कचेरीत उभी राहून आम्हाला खायला नाही म्हणून सांगणार, असं ते म्हणाले, आणि हे त्यांनी विचारलं नव्हतं, ठणकावलं होतं.

"लाज ज्यांना वाटायला पाहिजे ते तिथंच बसतात, मामंजी. म्हणून तिथंच सांगणार."

सासऱ्यांना उलट उत्तर द्यायची माझी ती पहिलीच वेळ. ते न जेवता उठले. मला भीती नाही, रागच आला होता. कसला हा मान, की जो राखायला पोरांनी अर्धपोटी झोपायचं. मी ती रोटी झाकून ठेवली आणि पातळ धुवायला घेतलं, कारण उद्या घालायला दुसरं धड नव्हतं.

कोठीत बाईमाणूस मी एकटीच. मधे मोठं टेबल, त्यामागे साहेब, इंदूरकडचे, मराठी समजणारे. मी सांगितलं की त्या कागदावर लिहिलेलं सगळं मी सांगितलं होतं आणि ते सगळं खोटं आहे. रवा, साखर, तूप शेजारणीचं. घरात बेझर. दूध चहापुरतं. दोनदा वाढ झाली तेव्हा दोन्ही वेळा भाव आधी चढले, म्हणून वाढ होऊनही ताट वाढलं नाही, उलट कमी झालं. वकील उठून हिंदीत म्हणाला की या बाईला आता कुणीतरी पढवून आणलंय. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं की बाई, तेव्हा खोटं बोललात म्हणता, मग आज खरं बोलताय हे मी कशावरून मानू?

हा प्रश्न मी घरातून निघताना स्वतःला शंभरदा विचारला होता, पण उत्तर तिथंच सुचलं.

"साहेब, खोटं माणूस अब्रू वाचवायला बोलतो. मी इथं ती घालवायला आलेय."

वकील काहीतरी बोलणार होता, साहेबांनी हातानं थांबवलं. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमचा माणूस पुन्हा पाठवा, पण निरोप न देता, ऐन जेवणाच्या वेळी. आणि त्याला सांगा, विचारायचं काही नाही, नुसती झाकणं उघडून बघायची. साहेबांनी ते लिहून घेतलं.

आता खरी पंचाईत घरी होती. कचेरीत मी काय वाटेल ते बोलले असेन, पण घर मामंजींचं, उंबरा मामंजींचा. त्यांनी बाबूला ओट्यावरूनच हाकललं असतं तर माझं बोलणं पुन्हा खोटं ठरलं असतं, आणि या वेळी कायमचं. ते माझ्याशी बोलत नव्हते. गव्हाची पोळी वाढली तर ताट सरकवायचे, बेझराची वाढली तरी सरकवायचे, चार शेंगदाणे आणि चहा यावर होते. गल्लीतल्या बाकीच्या बायका मला बघून दार लोटत होत्या. आमची नाकं कापायला निघाली आहे, असं एकीनं मला ऐकू जाईल असं म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबू आला. मी तव्यापाशी होते. मामंजी उठून दारात उभे राहिले, अख्खं दार भरलं त्यांनी. तवा तसाच सोडून मी उठले. बाबू चाचरत म्हणाला की साहेबांचा हुकूम आहे.

मामंजी बाजूला झाले. "अंदर आइए," ते म्हणाले, "गेहूँ नहीं है हमारे यहाँ."

माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदाच स्वयंपाकघरात आले. बाबूच्या सोबत त्यांनीही पिठाच्या डब्यात बघितलं, दुधाच्या रिकाम्या भांड्यात बघितलं, आणि मुलांच्या ताटल्यांत बघितलं. त्यांची मान खाली होती, पण ते बाहेर पडले ते बाबूला घेऊनच. पुढच्या घरी गेले, कडी वाजवली आणि फौजेतल्या आवाजात म्हणाले, सूनबाई, झाकण काढ आणि दाखव. तिच्याने नाही म्हणवेना. मग तिच्या पुढची, मग तिच्या पुढची. त्या दिवशी आमच्या गल्लीतली सगळी पातेली उघडी पडली, आणि एकातही बदाम नव्हता. पंडिताइन दाराशी उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. मीही हसले, आणि रडलेही, दोन्ही एकदमच.

कचेरी इंदूरला गेली. निकाल आला तो थंडी पडल्यावर. भत्ता वाढला, मागितला त्याच्या निम्माही नाही, पण वाढला. पहिल्या पगाराला मी सगळ्यांपुरता गहू आणला. मामंजी जेवायला थांबून राहिले, मी माझं ताट घेऊन समोर बसेपर्यंत त्यांनी घास घेतला नाही. पुढे तशीच वहिवाट पडली. होळीपर्यंत गहू टिकला. मग भाव सरकले आणि बेझराचं पीठ परत आलं, पण आता ते पाचही ताटांत आलं.

आम्ही पुन्हा अर्ज केला. त्यावर सुनावणी लागेस्तोवर मध्यभारतही संपला होता. सगळं सरकार भोपाळला गेलं, भाव तेवढे इथं राहिले. नवे साहेब भोपाळहून आले होते, त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं. मी जायला निघाले तर मामंजी फेटा बांधून तयार. म्हणाले, या वेळी मी बोलणार. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं की मागे तर वाढ मिळाली आहे, मग पुन्हा कशाला आलात?

मामंजींनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. म्हाताऱ्या माणसाचा तोल जातोय असं वाटून हे पुढे झाले, त्यांना मामंजींनी नजरेनं मागे सारलं.

"दीड वर्ष मी सुनेच्या ताटातला गहू खाल्लाय, साहेब," ते म्हणाले. "तो मला परत करायचाय. तुमच्या वाढीत तो बसत नाही."