वाढत्या अंगाची खुर्ची

कापूस खरेदीच्या शेडमध्ये बसलं की किस्से आपोआप साचतात. दिवसभर माणसं येतात, चहा होतो, कोणी ना कोणी काहीतरी बोलून जातं. आमच्या बीबी गावच्या शेडमधले बहुतेक किस्से मी हसत सांगतो. त्या एका हंगामातले मात्र सांगताना मान वर होत नाही. आणि सगळे एका खुर्चीचे!

*

खरेदी माझ्या मोठ्या भावाची, दादाची. मी त्याच्या हाताखाली. त्याची एकुलती लेक प्राची पुण्याहून बाळाला घेऊन माहेरी आली होती. ओजू अजून वर्षाचा व्हायचा होता. परत सोडायला दादा स्वतः गाडी घेऊन जाणार होता, पण प्राचीची अट होती, गाडीत लेकराची वेगळी खुर्ची हवी. आधीची त्याला लहान पडत होती. दादा म्हणाला, मांडीला काय झालं? तुला याच मांडीवर बसवून शेगावला नेलं. प्राची म्हणाली, मग मी एसटीनं जाते.

दादा गार! बापाच्या दारात गाडी उभी आणि लेक एसटीच्या थांब्यावर, हे गावानं पाहिलं असतं तर त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

*

दुसऱ्या दिवशी दादा शेडमध्ये मोबाइलवर खुर्च्यांचे फोटो पाहत बसला. समोर कापसाच्या गाड्या. त्या साली बीटी बियाणं असूनही बोंडअळीनं निम्मं पीक खाल्लं होतं. उरलंसुरलं घेऊन माणसं उन्हात बसली होती आणि आम्ही दोघं भाऊ गादीचा रंग निवडत होतो. सुलतानपूरचे शेषरावआबा वाकून पाहू लागले. दादानं कौतुकानं समजावलं, ही खुर्ची लेकराबरोबर मोठी होत जाते, दरवेळी बदलायची गरज नाही.

आबांनी फोटो नीट न्याहाळला. "कंपनीवालेच सांगत असतीन. आमच्या बियाण्यालेही अळी लागत नाही म्हनत होते."

दादानं फोन खिशात घातला. मी उगाच चहावाल्याला हाक मारली.

*

मग जालन्याचं दुकान. सोबत आमचा माल वाहणारे टेम्पोवाले रफिकभाई. दादा शाळेचा गणवेश घ्यावा तसा म्हणाला, वाढत्या अंगाची दाखवा. दुकानदार समजूतदार होता. म्हणाला, साहेब, या सगळ्याच वाढत्या अंगाच्या, पण बाळाचं वजन सांगा. तोंड गाडीत मागे करायचं की पुढे, पट्टा कितव्या खाचेत, कोणती खुर्ची घ्यायची, ते त्यावर ठरतं.

दादाला सांगता येईना. मलाही नाही.

रफिकभाई माझ्या कानाशी आले. "भाऊ, आपन काय धंदा करतो ते इथं सांगू नोका."

रिकाम्या हातानं परत आलो.

*

घरी वहिनींचं वेगळंच. लहान लेकराला मागे तोंड करून बसवतात हे कळल्यावर त्या अडूनच बसल्या. घरून निघताना मागे वळून पाहू नये, आणि माझा नातू पुण्यापर्यंत मागेच पाहत जाणार? प्राचीनं धक्का बसला तर मान कशी सांभाळली जाते ते परोपरीनं सांगितलं. वहिनी ऐकून म्हणाल्या, मग त्याचे डोळे झाकून ने!

*

राहिलं वजन. पुण्याहून निघताना ओजू नऊ किलो भरला होता. दादा म्हणाला, आता आजीच्या हातचं खाऊन वाढला असेल, ताजं घेऊ. आपला काटा काय फक्त कापसालाच आहे?

सकाळची वेळ, शेड भरलेली. शेषरावआबांचा कापूस नुकताच मोजून झाला होता. काट्यावर दुपटं अंथरून दादानं नातवाला हौसेनं बसवलं. आकडा नेहमीप्रमाणे मी मोठ्यानं वाचला. सव्वाआठ.

प्राची पांढरीफटक पडली. पुन्हा बसवला. सव्वाआठच. दूध पितो का, ताप होता का, ती स्वतःशीच पुटपुटत लेकराच्या पोटाला, कपाळाला हात लावत सुटली. आठवड्यात पाऊण किलो घटलं, म्हणाली आणि रडायलाच लागली. घाबरून दादाही ओरडला, रफिकभाई, गाडी काढा, दवाखान्यात जायचंय!

मी ओरडलो नाही. मी जागचा हललोही नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

शेषरावआबा उठले. ओजूच्या गालाला बोट लावलं.

"पोरी, रडू नोको. लेकरू चांगलं हाये. या काट्यावर आमचा कापूसही असाच सुकते."

प्राचीनं डोळे पुसले. काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग ओजूला उचलून कडेवर घेतलं.

"पप्पा, याले डॉक्टरकडे मोजू. आबाचा कापूस कुठं मोजाचा?"