पॉलिशला पुढची तारीख

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही गोष्ट वेळेवर केली नाही असं म्हटलं तर ती त्यांची बदनामी होईल. प्रत्येक गोष्ट ते तिची तारीख आली की करायचेच. फक्त ती तारीख येऊ नये याची काळजीही तेच घ्यायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अंबडच्या कोर्टात कारकून होते आणि पक्षकारांना पुढची तारीख सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ती सवय अंगात अशी मुरली, की दारात भाजीवाली आली तरी दोडका आणि भोपळा या दोघांचीही बाजू ऐकून घेऊन ते तिला परवा यायला सांगत. घराला रंग द्यायचा म्हणून पुढच्या भिंतीवर पाच-सहा रंगांचे पट्टे नमुन्याला मारून घेतले होते, ते इतकी वर्षं तसेच राहिले की पोस्टमन ‘पट्ट्याचं घर’ म्हणून पत्ता ओळखायचा. थोरल्या मुलीच्या बारशाची तर गोष्टच सोडा. नाव ठरेपर्यंत पोरगी पाळण्यातून आपली आपण उतरायला लागली होती. अक्का म्हणायची, ‘ह्यांचं कसं आहे, घास तोंडापर्यंत आला तरी हे त्याला विचारतील, तुझं काही म्हणणं आहे का?’

अशा माणसानं निवृत्त झाल्यावर गाडी घेतली हेच एक नवल होतं. जालन्याच्या एका डॉक्टरांची जुनी, काळीभोर गाडी. ती त्यांनी सावलीत पाहिली, सावलीतच पसंत केली आणि संध्याकाळी घरी आणली. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं आणि दाजींचा चेहरा उतरला. काळ्या रंगावर जिथं ऊन पडेल तिथं बारीक-बारीक गोल ओरखड्यांची जाळी दिसायची, कोळ्यानं विणल्यासारखी. डॉक्टरांचा ड्रायव्हर रोज सकाळी धुळीवरच कोरडं फडकं गरगर फिरवायचा, त्याचा हा प्रताप. आपल्याकडे गाडी पुसायची म्हणजे तशीच पुसतात, त्यात त्या बिचाऱ्याचंही काही चुकलं नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जुनी गाडी आहे, चालायचंच. दाजी म्हणाले, ‘हे बराबर न्हाई. हे काढल्याशिवाय गाडी तीर्थपुरीला जाणार न्हाई.’

तीर्थपुरी म्हणजे आमचं गाव, अक्काचं माहेर. तिथं आमचे वडील, आबा, एकटे राहून शेती बघत होते. अक्काचं लग्न ठरलं तेव्हा सगळी भावकी आबांवर उलटली होती. दाजींना जमीन नव्हती. आमचे चुलते, थोरले काका, भर बैठकीत दाजींच्या देखत म्हणाले, ‘ना जमीन ना जुमला. पोरगी काय कागद खाणार का?’ आबा जास्त बोलणारे नव्हतेच. ‘माणूस सरळ आहे,’ एवढंच म्हणाले आणि त्यांनी सुपारी फोडली. दाजी ते कधी विसरले नाहीत. त्यांना गाडी न्यायची होती ती मिरवायला नाही. ती आबांच्या दारात उभी राहावी, भावकीनं तिच्यात आपापली तोंडं पाहावीत आणि आबांची मान वर राहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत.

इकडे आबांचे गुडघे गेले होते. मळा गावापासून लांब, चालवत नव्हतं आणि बैलगाडीच्या धक्क्यांनी कंबर धरायची. आपण लावलेल्या मोसंबीला फळ धरल्याचं ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत होते. मी गेलो की विचारायचे, ‘जावईबापूंची गाडी आली का रे? आली की मळ्याला एक चक्कर मारतो. झाडं कशी आलीत ते बघतो आन् मंग निवांत.’ मी अंबडलाच तहसिलीत नोकरीला होतो. दर खेपेला हा निरोप घेऊन दाजींकडे जायचो, आणि दर खेपेला पॉलिशची सुनावणी चालू असायची.

सुनावणी म्हणजे खरोखरच सुनावणी. ओसरीवरच्या फळीवर डबे आणि बाटल्या ओळीनं बसवलेल्या, कोर्टाबाहेर साक्षीदार बसतात तशा. पहिला डबा रंगाच्या दुकानात चरे घासून काढायला मिळतं त्या रबिंगचा, भरड, हाताला रेतीसारखा लागणारा. त्याच्याबद्दल दाजींचं मत वाईट होतं. ‘हा जुने चरे काढतो आन् आपले नवीन टाकून जातो. गुन्हेगाराला पकडायला दरोडेखोर पाठवल्यासारखं झालं.’ दुसरं मेणाचं पॉलिश. ते लावलं की गाडी आरशासारखी दिसायची आणि दोन पाण्यांत जाळी पुन्हा हजर. ‘हा खोटा साक्षीदार. झाकतो, काढत न्हाई.’ तिसरी बाटली औरंगाबादहून मागवलेली, पातळ, पांढरी. ती फारच सौम्य असावी असा त्यांना संशय होता. शेजाऱ्यांनी खोबरेल तेल सुचवलं, कोणी दंतमंजन सुचवलं. दाजींनी तेही ऐकून घेतलं, कारण कोणाचंही म्हणणं न ऐकता निकाल देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. एकदा तर ते मला घेऊन एस.टी.नं वाटूर फाट्यावर गेले, ट्रक रंगवणाऱ्या पेंटरला विचारायला. घरात गाडी उभी असताना एस.टी.नं. पेंटरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘साहेब, ट्रकला आम्ही काहीच लावत न्हाई. धूळ बसली की सगळं सारखंच दिसतं.’ परतताना दाजी खिडकीतून येणारे-जाणारे ट्रक बघत होते. मग म्हणाले, ‘साक्ष कामाची न्हाई.’

आम्ही हसायचो. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही यायचा. अक्का कळवळून म्हणायची, ‘अहो, आबांचं वय बघा की. आहे तशी न्या गाडी. त्यांना मळा बघायचाय, रंग नव्हे.’ दाजी चष्मा पुसत म्हणायचे, ‘त्यांना न्हाई बघायचा, पण बाकीच्यांना बघायचाय ना. रंगाचा थर एकदाच असतो गं. जास्त घासला गेला तर वरती अपील न्हाई.’ नंबरप्लेटच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी, ते बोटभर पॉलिश लावून बघायचे, उन्हात वाकून, डोळे बारीक करून. मग उठून कंबर सरळ करायचे आणि म्हणायचे, ‘पुढच्या आठवड्यात बघू.’ त्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्या मायेनं यायचं, की समोरच्याला आपलं काम झालं असंच वाटावं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आबांनी अंथरूण धरलं. मी दाजींना सांगायला गेलो. या खेपेला त्यांनी पुढची तारीख दिली नाही. त्यांनी फळीवरून पांढरी बाटली उचलली, अक्काची जुनी मऊ सुती साडी फाडून घेतली आणि म्हणाले, ‘हीच लावतो. रविवारी लावून सोमवारी निघू. आबांना उचलून गाडीत बसवू.’ त्यांनी निकाल दिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. रविवारी सकाळी अंगणात बसून ते हलक्या हातानं बॉनेट चोळत होते आणि जाळी खरोखरच जात होती. अर्धं बॉनेट झालं असेल, तेवढ्यात शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. आबा गेले होते.

दाजी तसेच उठले, हातही न धुता. गाडी निघाली तेव्हा अर्ध्या बॉनेटवर पॉलिश पांढरं वाळत होतं. तीर्थपुरीपर्यंतच्या धुळीनं ते सारवल्यासारखं झालं. घरासमोर गाडी थांबली, भावकी सगळी दारात बसलेली, पण गाडीकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. अक्का उतरून आत धावली. दाजी आत आले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मी दार उघडलं तेव्हा म्हणाले, ‘मला आत कसं जाता येईल?’ मी त्यांना धरून नेलं.

राख सावडून झाली आणि अस्थी गोदावरीला न्यायच्या ठरल्या. आमच्याकडे बायका जात नाहीत, पण अक्का काही न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसली आणि अस्थींचं मडकं तिनं मांडीवर घेतलं. तिला कोणी उठ म्हणालं नाही. मी तिच्या शेजारी, थोरले काका पुढे. गावाबाहेर पडल्यावर दाजींनी गाडी सडकेला न लावता मळ्याच्या गाडवाटेला वळवली. ती वाट म्हणजे दोन्ही अंगांनी बाभळीच बाभळी. काटेरी फांद्या काचेवरून, दारांवरून, पार मागच्या टोकापर्यंत करकरत जायला लागल्या. काका न राहवून म्हणाले, ‘जावईबापू, गाडी खराब होऊन राह्यली.’

‘होऊ द्या,’ दाजी म्हणाले.

बांधाबांधानं, अगदी सावकाश, त्यांनी सबंध मळ्याला चक्कर मारली. मोसंबी पिवळी झाली होती. विहिरीपाशी गाडी थांबवून ते उतरले, फिरून अक्काच्या बाजूला आले आणि पाहुण्यासाठी उघडावं तसं दार अदबीनं उघडून उभे राहिले. अक्का मडकं घेऊन बसूनच होती. ‘आबा, चक्कर झाली,’ दाजी म्हणाले, आणि मग अगदी हळू, ‘तारीख चुकली माझी.’ थोरले काका पुढच्या सीटवर मान खाली घालून बसले होते. अक्का बराच वेळ झाडांकडे बघत होती. शेवटी तिनंच दाजींचा हात धरला आणि म्हणाली, ‘चला, नदीवर उशीर होईल.’